ब्राउझरमधली कामे एआय सहाय्यकाकडे सोपवून आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांपासून ब्राउझरमधली माझी रोजची बरीचशी कामे मी एआय सहाय्यकाकडून करून घेत आहे. माझे काम कार्यालयीन समन्वयाचे आहे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर लॉगिन करून बिले डाउनलोड करणे, नव्याने प्रसिद्ध झालेल्या सूचनांमधल्या मुदती एका स्प्रेडशीटमध्ये उतरवणे, तीच ती माहिती चार ठिकाणच्या फॉर्ममध्ये पुन्हा पुन्हा भरणे, असा त्यात मोठा वेळ जातो. या कामांना बुद्धी फारशी लागत नाही, पण लक्ष मात्र सतत द्यावे लागते आणि संध्याकाळी जो थकवा येतो तो त्या लक्ष देण्याचाच असतो. पहिल्या आठवड्यातले कौतुक ओसरल्यानंतर साधन कसे वाटते ते सांगता यावे, म्हणून मुद्दाम इतके थांबून लिहीत आहे.

ब्राउझर आपोआप चालवण्याची कल्पना नवी नाही. लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे ब्राउझर चालवणाऱ्या साधनांपैकी सेलेनियम २००४ मध्ये आले, पपेटिअर २०१७ मध्ये आणि प्लेराइट २०२० मध्ये. एका सहकाऱ्याच्या मदतीने मीही पूर्वी अशा छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे पावलापावलाच्या आज्ञांच्या याद्या, वापरल्या आहेत. पानाच्या कोडमधल्या एखाद्या बटणाचे नाव बदलले की स्क्रिप्ट बंद पडायची आणि पुन्हा सहकाऱ्याला गाठावे लागायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने आपल्या क्लॉड या एआय सहाय्यकाला संगणक वापरण्याची क्षमता दिली, जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीचा ऑपरेटर हा ब्राउझर चालवणारा सहाय्यक आला, आणि त्याच वर्षात कॉमेट हा एआय ब्राउझर, क्लॉडचे क्रोम ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन आणि कॉमेटसारखाच ब्राउझर असलेला चॅटजीपीटी अ‍ॅटलस ही साधनेही आली. या सर्वांमागची कल्पना एकच आहे: पावलापावलाची कृती लिहून देण्याऐवजी काय हवे ते साध्या भाषेत सांगायचे, आणि सहाय्यकाने समोरचे पान वाचून पुढचा क्लिक कुठे करायचा ते स्वतः ठरवायचे. स्क्रिप्ट अडली की ती अडल्याचे लगेच कळते. सहाय्यक अडला की वाट काढतो, आणि ती वाट बरोबर होती की नाही हे आपल्याला नंतर कळते. आठ महिन्यांत मला जे काही शिकायला मिळाले ते बहुतेक या एका फरकातून मिळाले.

दुसऱ्या महिन्यातला प्रसंग सांगते. एका नोंदणी फॉर्मचे काम मी त्याच्याकडे दिले होते. संस्थेचे नाव, पत्ता, ईमेल, संपर्क क्रमांक ही सगळी माहिती एका फाईलमध्ये लिहून दिलेली होती. फॉर्ममध्ये मात्र ‘पर्यायी संपर्क क्रमांक’ अशी एक जागा होती, तिच्यापुढे लाल तारांकन होते आणि ती भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. मी असा क्रमांक दिलेलाच नव्हता. सहाय्यकाने मूळ क्रमांकाचा शेवटचा अंक बदलून एक नवा क्रमांक तयार केला, तो तिथे टाकला, पुढे गेला आणि काम पूर्ण झाल्याचे कळवले. अहवालात या क्रमांकाचा उल्लेखही नव्हता. फॉर्म पाठवण्याआधी मी प्रत्येक रकाना डोळ्यांखालून घातला म्हणूनच ते लक्षात आले, नाहीतर कोणा अनोळखी माणसाला आमच्या नावाने फोन गेले असते. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सूचनेची पहिली ओळ ठरलेली आहे: ‘दिलेल्या माहितीत नसलेली कोणतीही गोष्ट स्वतःहून भरू नकोस, अशी जागा आली की थांब आणि मला विचार.’ या एका ओळीने नंतरच्या बहुतेक चुका टळल्या.

दुसरी चूक त्याहून फसवी होती, कारण तिच्यात खोटे असे काहीच नव्हते. सूचनांच्या एका यादीतल्या सर्व मुदती काढायला सांगितल्या होत्या. आलेला तक्ता नेटका होता आणि त्यातली प्रत्येक तारीख बरोबर होती. पण ते संकेतस्थळ एका पानावर २५ नोंदी दाखवते आणि तक्त्यातही बरोबर २५ ओळी होत्या. प्रत्यक्षात यादी तीन पानांची होती. आता मी सांगते की, पानावर एकूण नोंदींचा आकडा दिसत असेल तर तो आधी लिही, मग तुझ्या तक्त्यातल्या ओळी मोज आणि दोन्ही आकडे मला दाखव. तारखांचेही तसेच आहे. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे संकेतस्थळागणिक बदलते, म्हणून महिना अक्षरांत लिहायचा हा नियम मी त्याला आणि स्वतःलाही घालून दिला आहे.

या अनुभवांतून सोपवण्याच्या कामांची एक कसोटी माझ्यापुरती तयार झाली. तपासायला लागणारा वेळ करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा बराच कमी असेल तरच काम सोपवावे. बारा संकेतस्थळांवरची महिन्याची बिले उतरवणे हे या कसोटीला उत्तम उतरते, कारण फोल्डरमध्ये बारा फाईल आहेत का, त्यांची नावे आणि महिने बरोबर आहेत का, हे दोन मिनिटांत पाहता येते. मुदतींचा तक्ताही उतरतो. मात्र प्रत्येक ओळीपुढे मूळ पानाचा दुवा मागून घ्यावा, म्हणजे शंका आली की एका क्लिकवर खातरजमा होते. एकच छोटा फॉर्म भरणे मात्र या कसोटीवर टिकत नाही. मला चार मिनिटे लागतात तिथे सहाय्यक प्रत्येक पावलाला पान वाचत, विचार करत आठ-नऊ मिनिटे घेतो आणि शेवटी सगळे रकाने मलाच तपासावे लागतात.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर तो इतका वेगळा का वागतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. असे सहाय्यक पान दोन तऱ्हांनी पाहतात: पडद्याचे चित्र घेऊन, किंवा पानाची अंतर्गत रचना वाचून. या रचनेत दृष्टिहीन वापरकर्त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी दिलेली नावे आणि खुणा मोठ्या उपयोगाच्या ठरतात. ज्या संकेतस्थळाने प्रत्येक बटणाला आणि रकान्याला नीट नाव दिले आहे, तिथे माझा सहाय्यक क्वचितच चुकतो. जिथे बटण म्हणजे नुसते एक चित्र आहे, किंवा तारखेसाठी उघडणारे कॅलेंडर माउसनेच चालते, तिथे तो घोटाळतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला अशाच जागी रोज अडावे लागत असणार, ही जाणीव मला या निमित्ताने झाली, आणि तेव्हापासून अशी जागा दिसली की मी त्या संकेतस्थळाला आवर्जून कळवते.

मराठीत दिलेल्या सूचना त्याला व्यवस्थित समजतात. फक्त बटणाचे किंवा रकान्याचे नाव पडद्यावर ज्या भाषेत आणि जसे दिसते तसेच सांगावे. ‘जतन करा’ असे मी भाषांतर करून सांगते तेव्हा पडद्यावर तशा अर्थाची दोन बटणे असली तर तो भलतेच निवडतो.

सुरक्षिततेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सहाय्यक पान वाचतो, तेव्हा त्या पानावर कोणीतरी मुद्दाम पेरलेला मजकूरही वाचतो, आणि तो मजकूर आपल्या मालकाचीच आज्ञा आहे असे समजण्याची शक्यता असते. या हल्ल्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. हे नाव सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये रूढ केले. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रोमसाठीचे एक्स्टेन्शन चाचणीसाठी देताना अँथ्रॉपिकने स्वतःच्या परीक्षणाचे आकडे जाहीर केले होते. संरक्षक उपाय नसताना असे २३.६ टक्के हल्ले यशस्वी झाले होते आणि उपाय केल्यावर ते प्रमाण ११.२ टक्क्यांवर आले होते. ते आकडे त्या वेळचे आणि मुद्दाम रचलेल्या हल्ल्यांचे आहेत, तरी ते वाचल्यावर मी माझी मांडणी बदलली. सहाय्यकासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल केले. त्यात बँकेचे लॉगिन नाही, साठवलेले पासवर्ड नाहीत, आणि माझा ईमेलही नाही. एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन करायचे असेल तर पासवर्ड आणि ओटीपी मी स्वतः टाकते, मग काम त्याच्याकडे देते आणि काम संपताच लॉगआउट करते. कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारे कोडे, आला तर तो थांबतो आणि मला बोलावतो; ते मला योग्यच वाटते. अनोळखी संकेतस्थळे, आणि कोणीही प्रतिक्रिया लिहू शकतो अशी पाने, मी त्याला वाचायला देत नाही.

वेळ किती वाचला, असे सहकारी विचारतात. पहिल्या दोन महिन्यांत काहीच वाचला नाही, उलट सूचना लिहिण्यात आणि दुरुस्त्या करण्यात जास्तच गेला. आता ठरलेल्या सूचनांची एक फाईल तयार आहे आणि आठवड्याला अंदाजे तीन तास मोकळे होतात. त्याहून मोठा लाभ मला वेगळाच वाटतो: बिले उतरण्याचे काम चालू असताना मी दुसरे काम सलग करू शकते, आणि महिनाअखेरची ती ठरावीक दुपार आता जड जात नाही.

पैसे भरणे, अर्ज अंतिमतः दाखल करणे आणि कोणतीही नोंद पुसून टाकणे ही कामे मी अजूनही स्वतःच करते आणि पुढेही करणार आहे. बाकीच्या फॉर्मच्या बाबतीतही सहाय्यकाने शेवटच्या पानापर्यंत यावे आणि ‘सबमिट’च्या आधी थांबावे, असे सांगून ठेवले आहे. मागच्या आठवड्यात तोच नोंदणी फॉर्म नूतनीकरणासाठी पुन्हा भरायचा होता. या वेळी तो पर्यायी क्रमांकाच्या रकान्यापाशी थांबला, हा क्रमांक फाईलमध्ये नाही असे त्याने कळवले आणि काय भरू असे विचारले. मी सहकाऱ्याला विचारून त्याचा क्रमांक घेतला, तो फाईलमध्ये कायमचा नोंदवला आणि मग फॉर्म पुढे गेला.