आपत्तीनंतर लिहायचं तर डायरी की फॅनफिक?

आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी मी दोन्ही करून बघितलं, त्यामुळे कोणी विचारलं की सुरुवात कशाने करू तर मी सरळ सांगते, पहिले काही महिने फॅनफिक, म्हणजे आवडत्या पुस्तक-सिनेमातली पात्रं घेऊन लिहिलेली आपली गोष्ट, डायरी नंतर.

डायरीच्या बाजूने अभ्यास आहे हे खरंय. १९८६ मध्ये मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवावर लिहायला लावलं, आणि काय घडलं अन् काय वाटलं हे दोन्ही ज्यांनी लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्तच वाईट वाटत होतं, हे पण त्याच अभ्यासात आहे. माझं तेच झालं. डायरीत 'मी' लिहिलं की मी परत त्या जिन्यावर, पाणी चढतंय, आणि तीन पानं झाली तरी वाक्य तेच.

फॅनफिकमध्ये जिन्यावर मी नव्हते, माझं आवडतं पात्र होतं, त्याच्या हातात कागदपत्रांची पिशवी मात्र माझीच. पात्र तयार असतं, त्याच्यासाठी कोण धावत येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं, थकलेल्या डोक्याला शून्यापासून काही उभं करावं लागत नाही आणि फार झालं की सीन बदलता येतो.

त्यातही काय लिहायचं ते बघा. फिक्स-इट, म्हणजे जे वाईट झालं ते होऊच द्यायचं नाही, याची मला चटक लागली होती, पाच गोष्टींत मी पाच वेळा घर वाचवलं आणि लॅपटॉप बंद केला की समोर भिंतीची ओल तशीच, उलट जास्त टोचायची. हर्ट-कम्फर्टने खरी मदत केली, म्हणजे नुकसान झालंय ते झालंय, पण कोणीतरी शेजारी बसलंय, ओले केस पुसून देतंय. असं मला कोणी हवं होतं हे मला ते लिहितानाच कळलं.

डायरीकडे सहा महिन्यांनी वळले. फिकमधलं एक वाक्य घेतलं, 'तो ट्रंकेसाठी परत खाली गेला नाही', आणि 'तो'च्या जागी 'मी' केलं. तेवढंच लिहून उठले त्या दिवशी.

झोपच येत नसेल, सारखं तेच डोळ्यांसमोर येत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी काउन्सेलरकडे जा, प्लीज.

पोस्ट करायचं तर घाई नको. २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपाच्या पार्श्वभूमीवर कोणीतरी फॅनफिक लव्हस्टोरी लिहिली तेव्हा वाचक प्रचंड दुखावले होते आणि ते बरोबरच होतं, ज्यांचं घर पडलं ती माणसं कोणाच्या रोमान्सचा सेट नाहीत. स्वतःवर गुदरलेलं असेल तरी टॅग नीट लावा, पूर, मृत्यू, जे असेल ते स्पष्ट. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या वेबसाइटवर गोष्ट फक्त अकाउंट असलेल्यांनाच दिसेल अशी ठेवता येते, मी तसंच ठेवलंय, आणि दोन गोष्टी तर अजून पोस्टच केलेल्या नाहीत.