भाज्यांचा स्टॉक: पातेले, कुकर की क्यूब?

भाज्यांचा स्टॉक, म्हणजे भाज्या पाण्यात उकळून गाळलेले चवदार पाणी, हा शब्द खानदेशातील स्वयंपाकघरांत नवा असला, तरी शिजवलेल्या पाण्यातला कस वाया न घालवण्याची सवय येथे जुनीच आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण शिजवून निथळलेले डाळीचे पाणी कोणी टाकत नाही, त्याची रशी, म्हणजे मसालेदार पातळ आमटी, होते. भाज्यांच्या स्टॉकमागे हाच विचार आहे, मात्र डाळीच्या पाण्याला असतो तसा दाटपणा आणि प्रथिनांचा आधार त्याला नसतो. त्यामुळे तो कसा काढावा हे ठरवण्याआधी तो कशात घालायचा आहे, हे ठरवावे. शेवभाजीसाठी कोणी स्टॉक करणार असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला यांच्यापुढे गाजर-टोमॅटोचा मंद स्वाद टिकत नाही, तेथे उकळते पाणी पुरेसे आहे. दुधीचे सूप, पुलाव, साधी मुगाची खिचडी किंवा आजारातून उठलेल्या माणसासाठी पातळ पेज करायची असेल, तर मात्र स्टॉकमुळे पडणारा फरक पहिल्या घासाला कळतो.

उघड्या पातेल्यातील स्टॉक सर्वांत स्वच्छ आणि नितळ होतो. एक किलो भाज्यांना दोन लिटर थंड पाणी घेऊन, उकळी आल्यावर आच इतकी कमी करावी की पाण्यावर फक्त अधूनमधून बुडबुडा दिसावा. पाऊण ते एक तासात भाज्यांतला स्वाद उतरतो, त्याहून अधिक उकळल्यास चव वाढण्याऐवजी शिळवट होत जाते. हाडांच्या रश्श्यासारखे येथे तासन्‌तास शिजवण्याचे कारण नाही, कारण भाज्यांत विरघळून दाटपणा देणारे कोलॅजन नसते. चव मध्येच पाहता येते, हवे तेव्हा थांबता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तोटा उन्हाळ्यातला आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तासभर शेगडी पेटती ठेवणे जळगाव-भुसावळकडच्या घरांत नकोसे होते.

कुकरमध्ये पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या पुढे, सुमारे १२० अंशांपर्यंत जात असल्याने एका शिट्टीनंतर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि गॅसही वाचतो. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि वाफ आपोआप जिरू द्यावी, कारण शिट्टी उचलून वाफ सोडल्यास आतले पाणी खळाखळा उकळून स्टॉक गढूळ होतो. मात्र कुकरला भाज्यांची निवड चुकलेली चालत नाही. कोबी किंवा फ्लॉवर घातल्यास बंद झाकणाखाली गंधकाचा उग्र वास सगळ्या पाण्याला लागतो. मेथीचे देठ कडवटपणा आणतात, बटाटा पिठूळपणा, बीट रंग. भरिताच्या हंगामात वांगी स्वस्त असतात म्हणून तीही टाकण्याचा मोह होतो, पण त्याने पाणी काळपट आणि तुरट होते. उलट मटारची टरफले, दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस, कोथिंबिरीचे देठ, गाजराची टोके आणि कांद्याची स्वच्छ वरची साल ही टाकाऊ समजली जाणारी सामग्री येथे उत्तम चालते. सालीमुळे सोनेरी-तपकिरी रंग येतो, मात्र काळी बुरशी असलेली साल घेऊ नये. टोमॅटोत नैसर्गिक ग्लुटामेट असते, त्यामुळे एक-दोन टोमॅटोंनीही चव भरीव होते.

क्यूबची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तयार स्टॉकच्या वडीची, बाजू लवकर सांगून होते. गरम पाण्यात विरघळला की काम झाले, पण त्यात मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी हा हिशेब पाहूनच क्यूब वापरावा आणि पदार्थात वेगळे मीठ शेवटी, चव पाहून घालावे. घरच्या स्टॉकचीही एक बाजू येथे सांगायला हवी: भाज्यांतले पोटॅशियम पाण्यात उतरते. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो देऊ नये.

रोजच्या वापरासाठी मी कुकर निवडतो, हिवाळ्यात निवांत सूप करायचे असेल तर पातेले, आणि क्यूब प्रवासापुरता. साठवणीत मात्र पातेल्याला आणि कुकरला एकच नियम लागू आहे. गाळलेला स्टॉक भांड्यासह परातीतल्या थंड पाण्यात ठेवून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. तेथे तो तीन-चार दिवस टिकतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवल्यास दोन-तीन महिने लागेल तेवढा काढता येतो. वीज बराच वेळ जाऊन तुकडे वितळले, पण अजून थंडगार असतील, तर ते पुन्हा गोठवण्यापेक्षा खळखळून उकळून त्याच दिवशीच्या खिचडीत घालावेत. कोमट झालेले मात्र टाकून द्यावेत.