तालुक्याचं सरकारी आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड: ५ पैकी ३ स्टार

माझ्या लहान भावानं दहावी झाल्यावर आमच्या तालुक्याच्या सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलं, २ वर्षाचा ट्रेड. निकाल लागला की गावातले लोक विचारतात पोराला टाकू का, म्हणून लिहून ठेवतो.

शिकवणं एकदम चांगलं आहे. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसात व्होल्टेज पडलं की इकडे वावरातल्या मोटरी धडाधड जळतात, तर सरांनी तशीच एक जळकी मोटर वर्कशॉपात आणवली, पोरांकडून जुनं वायंडिंग काढून घेतलं, एकेका स्लॉटमधले वेढे मोजून वहीत लिहायला लावले, मग नवी तार भरून वार्निश मारून वाळवून चालू करूनच सोडली. आज भाऊ गावातल्या मोटरी, स्टार्टर एकटा पाहतो.

स्टार कापले ते पुढच्यासाठी. भरतीला कंपन्या आल्या त्या पुण्याजवळच्या चाकणकडच्या, त्याही अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून नेणाऱ्या. स्टायपेंड भेटतो पण खोलीभाडं अन मेसमध्येच जाते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिसला कामगार धरतच नाही, अन करारात लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. पोट्टे महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभे राहून जातात अन मुदत संपली की परत येऊन बापासोबत सोयाबीन-कपाशीतच लागतात, हातात चांगलं काम असून! ज्याचा मामा-काका पुण्यात आहे तोच तिथं तग धरतो. लय जीव जळतो हे पाहून.

अन खरा राग याचा आहे की २ वर्षाचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला फॉर्म भरता येतो, हे ऑफिसातून कोणी सांगितलंच नाही. भावाला एका मित्राकडून कळलं तोवर तारीख निघून गेली होती. नोटीस बोर्डावर एक कागद लावायला काय लागते?

पोरींचे हाल वेगळेच, प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची एसटी हुकते अन होस्टेल नाही, म्हणून बरेच मायबाप इलेक्ट्रिशियन-फिटरला पाठवतच नाहीत.

तरी पण टाका म्हणीन मी, प्रायव्हेटपेक्षा फी लय कमी आहे. फक्त ट्रेड घेताना २ वर्षाचाच पहा, अन दुसऱ्या वर्षी रिझल्टच्या आधीच जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये स्वतः जाऊन तारखा अन कागदपत्रं विचारून या, जातीचा अन नॉन क्रिमीलेअरचा दाखला काढायला तहसीलमध्ये वेळ जातो.