सफारी घ्यावं की सफारीसारखं दिसणारं?

सफारी म्हणजे लामी कंपनीचं शाईचं पेन, आणि त्याच्यासारखी दिसणारी स्वस्त पेनंही बाजारात मिळतात. आधी एक गोष्ट वेगळी करतो, कारण इथेच जास्त गोंधळ होतो. सारखं दिसणारं पेन वेगळं आणि बनावट पेन वेगळं. जिनहाओ ५९९ किंवा हिरो ३५९ ही पेनं दिसायला लामी सफारीसारखी आहेत पण नाव स्वतःचं लावून विकली जातात, त्यात फसवणूक कुठे आली? दुसऱ्याचं नाव छापून विकलं तर ते बनावट, आणि ते घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाली लिहितोय ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, आणि त्यालाच मी पुढे नक्कल म्हणतोय.

माझ्याकडे एक खरं सफारी बरीच वर्षं आहे आणि तसंच दिसणारी तीन पेनं मी वापरली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी लिहिताना फारसा फरक कळत नाही. निब दोन्हीकडे स्टीलचीच, पकडायची जागा तशीच तिकोनी, वायरची ती मोठी क्लिपही तशीच, आणि नकलेत बहुतेक वेळा कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून भरायची नळी) आत बसवूनच येतो, सफारीत सहसा फक्त कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी मिळते. म्हणजे सुरुवातीला पारडं नकलेकडेच झुकतं.

माझं मत फिरलं ते टोपणामुळे. पेन तीन-चार दिवस पडून राहिलं, आणि फोनवर कोणीतरी घाईत नंबर सांगतंय, तुम्ही टोपण काढून लिहायला घेतलं तर कागदावर नुसता ओरखडा. परत घासा, तरी कोरडंच. मग झटकायचं, आणि झटकलं की शाईचा टपोरा थेंब नेमका लिहिलेल्या ओळीवर. टोपणाच्या आत एक छोटं आतलं टोपण असतं, ते निबेभोवती घट्ट बसलं पाहिजे. तिथे केसाएवढी फट राहिली तरी शाईतलं पाणी उडतं, निबेच्या चिरेत रंग सुकून बसतो, आणि पेन बरेच दिवस तसंच राहिलं तर कन्व्हर्टरमधली शाईसुद्धा दाट होत जाते. एका नकलेच्या टोपणात मी आतून मेणाचा थेंब सोडून बघितला, थोडे दिवस बरं चाललं, मग मेण सुटून निबेलाच चिकटलं आणि ती धुण्यात संध्याकाळ गेली. सफारी मात्र दोन-दोन आठवडे ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि पहिल्याच अक्षराला शाई देतं. हे माझ्या हातातल्या पेनांचं झालं, तुमच्या वाट्याला येणारी नक्कल चांगलीही निघेल, माझ्या तिनातलं एक बऱ्यापैकी आहेच. पण ते घेताना कळायला काही मार्ग नाही, हीच तर अडचण आहे. त्यात लोक स्वस्त पेनं घेतात ती चार रंगांच्या शाया एकाच वेळी भरून ठेवायला, म्हणजे प्रत्येक पेन जास्त दिवस पडून राहणार आणि हा त्रास नेमका तिथेच सगळ्यात जास्त होणार.

आता सफारी म्हणून विकलं जाणारं पेन खरं की बनावट, ते ओळखायचं कसं? नुसत्या निबेवर जाऊ नका, काही नकलांची निब सफारीच्या फीडवर (निबेखालचा शाई पुरवणारा भाग) चक्क बसते, तेव्हा निब कोणीही बदललेली असू शकते. बॅरलच्या, म्हणजे पेनच्या मागच्या नळीच्या, टोकाकडे कोरलेलं नाव बोटाने चाचपून बघा, ते नुसतं छापलेलं असेल तर थांबा. नवं सफारी उघडताना बॅरल आणि पकडीच्या मध्ये पुठ्ठ्याची छोटी रिंग असते, आतलं कार्ट्रिज आधीच फुटू नये म्हणून. लामीच्या कन्व्हर्टरला दोन बाजूंना बारीक उंचवटे असतात, ते पकडीच्या खाचांत जाऊन बसतात, आणि मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. पकडीवर साच्याची रेघ नखाला लागत असेल तर मी तरी ते पेन परत ठेवीन.

दुसऱ्या ब्रँडमध्ये खुणा बदलतात. मोंब्लां १४९ हे पेन आतल्याच पिस्टनने (दट्ट्याने) शाई थेट बॅरलमध्ये ओढतं, तेव्हा बॅरल फिरवून आत कन्व्हर्टर दिसला तर ते १४९ नाहीच, निबेवर मोंब्लांचा तो ४८१० आकडा कितीही सुंदर कोरलेला असो. पार्कर ५१ आणि हिरो ६१६ यांच्यात निबच बघायची, जुन्या पार्करची सहसा सोन्याची आणि ६१६ ची स्टीलची, फक्त दोन्ही निबा झाकलेल्या असतात म्हणून घाईत कळत नाही.

रोज पानंच्या पानं लिहिणार असाल, किंवा शाईचं पेन आपल्याला जमतं का एवढंच बघायचं असेल, तर नक्कल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. अधूनमधून लिहिणाऱ्याने मात्र थोडं थांबून सफारीच घ्यावं असं मला वाटतं. १९८० पासून ते जवळपास त्याच आकारात येतंय, निब वाकली तर तेवढी बदलून मिळते, हेही काही कमी नाही.

माझी ती बऱ्यापैकी नक्कल हिशोबाच्या वहीत असते, रोज दोन ओळी तरी होतात म्हणून ती नीट चालते. चार दिवस बाहेर जायचं असलं की तिची शाई काढून, धुऊन, पालथी ठेवतो आणि सफारी भरलेलंच खिशात टाकतो.