कार्डावरचं गाव आणि गंजलेला चाकू

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि रविवारच्या जुन्या बाजारांत रमणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. 'मेटल डिटेक्टरने शेतात सापडलं' एवढं म्हटलं की तिथे हल्ली काहीही खपतं. माझ्या गळ्यात मारला गेला तो जोसेफ रॉजर्सचा, म्हणजे शेफील्ड शहरातल्या नामांकित चाकू-कंपनीचा, म्हणवला जाणारा घडीचा चाकू. १२० पौंड, रोख.

विकणारा साठीतला, बोलायला एकदम गोड. प्रत्येक वस्तूपुढे हाताने लिहिलेलं कार्ड. या चाकूच्या कार्डावर लिंकनशरमधल्या एका गावाचं नाव, 'नांगरलेलं शेत' आणि 'सुमारे १८३५' असं साल. शेजारी शिंपल्याच्या मुठीचा, चांदीच्या पात्याचा, फळं कापायचा छोटा चाकू होता. तो मी आधी भिंगाखाली धरला. चालणारा सिंह (चांदीच्या शुद्धतेची खूण), शेफील्डचा मुकुट (तिथे तपासल्याची खूण), वर्षाचं अक्षर आणि राणीचा चेहरा, सगळे ठसे जागच्या जागी. चेहऱ्याचा ठसा म्हणजे चांदीवरचा कर भरल्याची खूण, आणि ती १८९० पर्यंतच मारत. म्हणजे तो नग शंभर टक्के अस्सल! सगळी मेख इथेच आहे. एक खरी वस्तू मधोमध मांडायची, तिची किंमत अशी सांगायची की कुणी हात लावू नये, आणि तिच्या पुण्याईवर आजूबाजूचा माल काढायचा.

रॉजर्सचं नाव आपल्याकडच्या जुन्या घरांतही ऐकलेलं असतं, त्यामुळे मन आधीच अर्धं तयार होतं. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे त्यांची खूण. वर मुकुट आणि व्ही. आर. ही अक्षरं. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये, मग १८३५ च्या चाकूवर तिची अक्षरं कशी? विचारलं तर गडी हसून म्हणाला, "सुमारे लिहिलंय ना!" पुढे स्वतःहून सांगितलं की वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी तिकडची योजना) नोंदवलेली आहे, आणि कार्डामागे नोंदणी क्रमांकही खरडून दिला.

घरी आल्यावर चाकू कोमट पाण्यात ठेवला. शेतातली माती पाण्यात मऊ पडून सुटते. ही रात्रभर ढिम्म हलली नाही. सांध्यात डिंकासारखं काहीतरी घालून बसवलेली होती. गंजही संशयास्पद. जमिनीत वर्षानुवर्षं पडलेल्या लोखंडाचे पापुद्रे निघतात, कुठे खोल खड्डे पडतात तर कुठे पातं खाऊन गेलेलं असतं. इथे लाल गंज सगळीकडे सारखा, रंग मारल्यासारखा. असा गंज मीठ आणि व्हिनेगर लावून थोड्या दिवसांत चढवता येतो. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडायला हव्या होत्या, त्यांना लागून असलेल्या मुठीच्या हाडावरही तो हिरवा डाग उतरतो. पण पितळ पिवळंधमक. आणि स्प्रिंग? शेतातून निघालेला चाकू बहुधा उघडतच नाही, सगळा एकजीव झालेला असतो. हा खटकन उघडत होता.

मूठ हाडाची नव्हतीच. खऱ्या हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. ही गुळगुळीत, प्लास्टिकची. (तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर भडका उडेल.) पात्यावरचा गंज खरवडल्यावर 'शेफील्ड' या ठशाखाली 'इंग्लंड' उमटलं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, त्यामुळे असा ठसा साधारण १८९१ नंतरचा धरतात. चाकूचं वय त्याच्या सर्वांत नव्या भागावरून ठरतं, आणि इथे तो भाग मूठ होती. विसाव्या शतकातला साधा चाकू. रॉजर्सचा ठसा तरी खरा का, देव जाणे; त्या खुणेची नक्कल फार जुनी आहे.

नोंदणी क्रमांक त्या योजनेच्या संकेतस्थळावर टाकला. समोर आलं मध्ययुगीन पट्ट्याचं बक्कल! ही नोंद कुणालाही फुकट बघता येते. शिवाय तिथे मुख्यतः ३०० वर्षांहून जुन्या वस्तू घेतात, त्यामुळे व्हिक्टोरियाच्या काळातल्या चाकूचा क्रमांक कुणी फेकला की तिथेच भुवया उंचावायला हव्यात. पुढे दुसऱ्या गावच्या बाजारात, दुसऱ्याच माणसाकडे, याच चाकूचा जुळा भाऊ भेटला. कार्डावर नॉरफोकमधलं गाव होतं, पण अक्षर तेच.

मला चाकू विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयार, "मी दुकानदार नाही, छंद म्हणून विकतो." हे शिकवलेलं वाक्य आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाबरहुकूम नसेल तर ३० दिवसांत परत करता येते, पण विकणारा व्यापारी असेल तरच. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर १०० पौंडांवरच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक पत (कन्झ्युमर क्रेडिट) कायद्याचं कलम ७५ लागतं आणि बँकेकडेही दाद मागता येते. पण तीही विकणारा व्यापारी असेल तरच, आणि रोखीवाल्याला ते दारही बंद.

सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तक्रार दिली आहे, ते ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातली फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवतात. पैसे अजून आलेले नाहीत. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो माझ्याकडे आहेत. निळी शाई, तिरकं अक्षर, सात आकड्याला मधोमध आडवी रेघ. असं कार्ड कुठे दिसलं तर बाजाराचं नाव आणि तारीख मला कळवा, तक्रारीला जोडतो.