छोट्या टेंटसाठी ग्रो लाइट: पंख्याचा घ्यावा की बिनपंख्याचा?

घरात रोपे वाढवण्याच्या दोन बाय दोन फुटांच्या बंद टेंटमध्ये ऐन उन्हाळ्यात सांबार (कोथिंबीर) आणि लेट्युस पिकवायचे असेल, किंवा पावसाळ्यात लावण्यासाठी मिरची-वांग्याची रोपे तयार करायची असतील, तर नागपूरकरापुढे ग्रो लाइटचे, म्हणजे रोपांना उजेड देणाऱ्या दिव्याचे, खरे पाहता दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाठीचा पसरट एलईडी बोर्ड, ज्याला पंखा नसतो. दुसरा म्हणजे डब्यासारखा बंदिस्त पॅनेल, ज्याच्या पाठीवर दोन-तीन लहान पंखे सतत फिरत असतात. सोडियमचा दिवा आपल्या हवेत एवढ्याशा टेंटसाठी विचारात घेऊ नये. ट्यूबलाइट रोपांच्या पहिल्या काही आठवड्यांपुरती चांगली असते, पण लेट्युस भरून येण्याइतका प्रकाश तिच्याकडून मिळवायचा तर ओळीने बऱ्याच नळ्या लावाव्या लागतात. उरलेले दोन्ही पर्याय मी एकाच खोलीत, एकाच मापाच्या टेंटमध्ये वापरून पाहिले आहेत. बोर्ड माझा होता, आणि पॅनेल माझ्या मेहुण्यांनी बदलीच्या काळात माझ्याकडे ठेवलेला होता. पुढील मत त्या वापरातून बनलेले आहे. प्रकाशमापक घेऊन मी मोजणी केलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निवड करताना सर्वांत जास्त घोळ ‘कूलिंग’ या एका शब्दाखाली होतो. दिवा थंड ठेवणे हे एक काम आणि टेंट थंड ठेवणे हे दुसरे. पॅनेलवरचे पंखे एलईडीच्या चिपांची उष्णता ओढून टेंटमधल्याच हवेत सोडतात. ती उष्णता टेंटबाहेर नेण्यात त्यांचा काहीही वाटा नसतो. दिव्याने घेतलेली वीज, मग ती आधी प्रकाश होऊन पानांवर का पडेना, शेवटी जवळजवळ सगळी उष्णतेतच बदलते. त्यामुळे १०० वॅटचा पॅनेल आणि १०० वॅटचा बोर्ड टेंटला सारखेच तापवतात. ही १०० वॅटची उष्णता बाहेर काढताना टेंटचे तापमान खोलीपेक्षा ५ अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर एक्झॉस्टने, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याने, तासाला साधारण ६० घनमीटर हवा ओढायला हवी. दोन बाय दोनचा, साडेचार फूट उंचीचा टेंट धरला तर त्यातली सगळी हवा दर अर्ध्या मिनिटाला बदलली पाहिजे, असा याचा अर्थ होतो. एवढे काम दिव्यावरच्या पंख्यांकडून कधीच होणार नाही. त्यासाठी वरच्या बाजूला इनलाइन फॅन (नळीत बसणारा एक्झॉस्ट पंखा) आणि खाली हवा आत येण्याची मोकळी वाट लागतेच, आणि हा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच धरावा.

एक्झॉस्ट कितीही चांगला असला तरी टेंट खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि नागपूरची खरी अडचण येथे सुरू होते. ज्या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांचा पारा पाहिला आहे, तेथे नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) दुपारी कूलर लावूनही खोली फार खाली येईल याची खात्री देता येत नाही; त्यावर दिव्याचे चार-पाच अंश चढले की सांबाराची कोवळी रोपे माना टाकतात. सांबाराला २५ अंशांच्या आसपासची हवा मानवते. उन्हाळ्यात ती देता येत नसली तरी त्याला दिवसाच्या झळांपासून वाचवता येते, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे टेंटमधला दिवस रात्री उगवणे. टायमरवर रात्री आठला दिवा लागतो आणि सकाळी आठला मालवतो. दुपारी टेंटमध्ये अंधार असतो आणि निदान दिव्याची उष्णता तरी नसते. ज्यांनी नागपुरात उन्हाळाभर टेंट चालवला आहे, त्यांतले बहुतेक जण या वेळापत्रकावर येतात असे मला वाटते.

हे वेळापत्रक स्वीकारले की पॅनेलच्या पंख्यांचा आवाज नेमका झोपेच्या वेळी येतो, आणि माझ्यापुरता निर्णय याच एका त्रासाने केला. नव्या पॅनेलचा आवाज फारसा जाणवत नाही. परंतु मार्च-एप्रिलमधली आपली कोरडी, धुळकट हवा आणि कापसासारखा घरातला बारीक तंतू हे दोन्ही त्या पंख्यांमधून दिवसरात्र खेचले जातात. काही आठवड्यांत पात्यांच्या कडांवर राखाडी लव बसते, पात्यांचा तोल बिघडतो, स्वस्त बेअरिंगमधले तेल उष्णतेने सुकते, आणि मग एक बारीक, चढउतार होणारी घरघर सुरू होते. कूलरचा आवाज मोठा असला तरी तो एकसुरी असतो आणि नागपूरकराचा कान त्याला लहानपणापासून सरावलेला असतो. ही घरघर मात्र मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, कधी शिट्टीसारखी होते, आणि झोपलेला माणूस प्रत्येक बदलाला जागा होतो. साफ करायचे म्हटले तर पॅनेल टेंटमधून उतरवून मागचे सगळे स्क्रू काढावे लागतात. जाळीला चिकटलेली लव ब्रशने निघते, पण बेअरिंगचे तेल परत येत नाही. बदली पंखा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतो, तरी व्होल्टेज जुळवणे, वायर कापून डाग देणे ही कामे आपल्यालाच करावी लागतात. याहून गंभीर गोष्ट अशी की पंखा पूर्ण अडकला तरी मी वापरलेला पॅनेल स्वतःहून बंद होत नव्हता; चिपा तापत राहिल्या आणि ते लक्षात आले तेही आवाज थांबल्यामुळे.

बोर्डाला हा प्रश्नच नसतो, कारण त्यात फिरणारा भागच नाही. त्याची उष्णता पाठीच्या ॲल्युमिनियममधून हळूहळू वर निघते आणि वर बसलेला एक्झॉस्ट ती उचलून नेतो. अर्थात त्यालाही उणिवा आहेत. तो जड असतो, त्यामुळे टेंटच्या वरच्या दांड्या मजबूत लागतात. आणि एक्झॉस्ट बंद पडला तर बोर्डालाही स्वतःला वाचवण्याचा दुसरा मार्ग नसतो. स्वस्त बोर्डांची पाठ इतकी पातळ असते की ती केवळ नावाला हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून सोडणारा भाग, ठरते. याची परीक्षा सोपी आहे: पूर्ण उजेडावर तासभर चालवून, दिवा बंद करून लगेच पाठीवर तळवा टेकवावा. तळवा काही क्षण ठेवता आला तर बोर्ड घेण्याजोगा आहे. चटका बसून हात मागे आला तर तो मंद करून वापरण्याचीच तयारी ठेवावी.

मंद करून वापरणे हा तसाही बोर्डाचा मोठा गुण आहे. एलईडी पूर्ण ताकदीपेक्षा कमी ताकदीवर प्रत्येक वॅटमागे थोडा जास्त प्रकाश देतो, म्हणून १०० वॅटचा बोर्ड ६० वॅटवर चालवला तर प्रकाश ६० टक्क्यांपेक्षा किंचित जास्तच मिळतो आणि टेंटमधली उष्णता मात्र ६० वॅटचीच राहते. वरच्या हिशेबातले ५ अंश मग ३ वर येतात. मे महिन्यात हे दोन अंश रोप जगणे आणि रोप वाढणे यांतला फरक ठरू शकतात. लेट्युस आणि सांबाराला एवढा प्रकाश माझ्या अनुभवात पुरतो. भिवापुरी मिरचीची रोपे थोडा जास्त मागतात, पण त्यांना उष्णताही जास्त सोसते. लहान पॅनेलांपैकी बऱ्याचशांना डिमर नसतो, आणि असला तरी पंखे पूर्ण वेगाने फिरतच राहतात. शिवाय अनेक पॅनेलांचा प्रकाश जांभळा असतो, ज्यात पानाचा पिवळेपणा किंवा तळाशी लागलेली बुरशी दिवा बंद केल्याशिवाय ओळखू येत नाही.

बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारे उपकरण, टेंटबाहेर ठेवता येतो, हेही विचारात घ्यावे. ड्रायव्हर साधारण दहावा हिस्सा वीज स्वतःच उष्णतेत घालवतो, त्यामुळे तो बाहेर काढल्याने टेंटचा अर्धाच अंश वाचतो. खरा फायदा ड्रायव्हरचा स्वतःचा आहे. त्यातल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे ढोबळमानाने निम्मे होते. नागपूरच्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या टेंटमध्ये, तापलेल्या डब्याच्या आत कोंडलेला ड्रायव्हर आणि फरशीजवळ कूलरच्या हवेत ठेवलेला ड्रायव्हर यांच्यात कोणता जास्त टिकेल, याला वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

कूलरच्या हवेबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. टेंटची खालची खिडकी कूलरच्या झोतासमोर ठेवली तर कोरड्या एप्रिल-मेमध्ये आतले तापमान झपाट्याने उतरते, परंतु खसमधून उडणारे बारीक थेंब आत गेले की आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर आणि पानांवर पांढरे ठिपके सोडतात, आणि विजेच्या जोडांवर पाणी येणे तर धोक्याचेच. टेंट झोताच्या थोडा बाजूला, कूलरपासून हातभर दूर ठेवणे पुरेसे ठरते. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा फक्त एक्झॉस्ट आणि आतला एक क्लिप पंखा चालवावा, नाहीतर रोपे मुळाशी कुजून आडवी पडतात. एक्झॉस्टसाठी चार इंची पंखा पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा सहा इंची पंखा मंद वेगाने चालवला तर आवाज बराच कमी राहतो, आणि डक्ट (हवा वाहून नेणारी नळी) शक्यतो सरळ व आखूड ठेवून खिडकीबाहेर सोडावी, म्हणजे तीच गरम हवा फिरून खोलीत येत नाही.

पॅनेलला काहीच जागा नाही असे मी म्हणणार नाही. टेंट गच्चीवरच्या स्वतंत्र खोलीत असेल, तेथे कोणी झोपत नसेल, आणि वापर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच असेल, तर पॅनेलची कमी किंमत आणि कमी वजन आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. डिसेंबरच्या थंड रात्री तर दिव्याची उष्णता उपयोगीच पडते. ज्यांना टेंट राहत्या खोलीत ठेवायचा आहे आणि उन्हाळाही काढायचा आहे, त्यांनी मात्र बोर्डाकडे झुकावे असे मला मनापासून वाटते. घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे की ड्रायव्हर बोर्डापासून सुटा होतो का आणि त्याची वायर टेंटच्या भोकातून फरशीपर्यंत पोहोचते का. कारण बऱ्याच बोर्डांत तो पाठीवरच स्क्रूने घट्ट बसवलेला असतो आणि वायर जेमतेम वीतभर असते. तशा वेळी योग्य जाडीची वायर इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्यावी, आणि दुकानदार जोडून द्यायला तयार असेल तर पैसे देण्याआधीच ते काम उरकून घ्यावे.