पोर्टलंडची जुनी इमारत की सिअ‍ॅटलची नवी?

मंदीवर उतारा म्हणून अमेरिकेने फेब्रुवारी २००९ मध्ये प्रोत्साहन कायदा केला. त्यातून सरकारी इमारती सांभाळणाऱ्या 'जीएसए' या संस्थेला ५.५ अब्ज डॉलर मिळाले, त्यांतले ४.५ अब्ज हरित इमारतींसाठी होते. छोट्या कंत्राटदाराला कसलं काम जास्त सोयीचं, हे पाहायला त्यातली दोन कामं शेजारी ठेवून पाहू.

पोर्टलंडची १८ मजली एडिथ ग्रीन-वेंडेल व्याट इमारत सत्तरच्या दशकातली. तिचं बाहेरचं काँक्रीटचं आवरण उतरवून फक्त सांगाडा ठेवला. पश्चिमेच्या उन्हाला अडवायला अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या लावल्या, गारव्यासाठी छताच्या पॅनेलांतून पाणी फिरवलं. तळघरात पूर्वी नेमबाजीची जागा होती, तिथे आता पावसाचं पाणी साठतं! अशा कामात तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, काचकाम असे कितीतरी कारागीर लागतात, म्हणून छोट्या उपकंत्राटदारांना वाव जास्त. जोखीमही तेवढीच, कारण जुन्या भिंतीआड काय निघेल हे निविदा भरताना कळत नाही.

सिअ‍ॅटलची फेडरल सेंटर साउथ १२०२ ही नवी इमारत, तीत जुन्या गोदामाचं लाकूड वापरलेलं. डिझाइन आणि बांधकाम एकाच चमूकडे. कंत्राटाच्या रकमेतला ०.५ टक्का मात्र ऊर्जाबचतीचं उद्दिष्ट पुरं होईपर्यंत राखून ठेवला होता. ही अट मला मनापासून पटते. नुसत्या हरित इमारतीच्या प्रमाणपत्रावर भागत नाही, वीजबिलातही फरक दाखवावा लागतो.

स्थानिक दराने मजुरी आणि अमेरिकी पोलाद, या अटी दोन्हीकडे होत्या. छोट्या कंत्राटदाराला मी तरी पोर्टलंडसारखंच काम सुचवेन.